खोल श्वासाचा रबरी मुलगा

मी एक जुना रबरी मुलगा आहे. वय विचाराल तर माझ्याकडे दोन उत्तरे आहेत. कारखान्यातून निघाल्याला मला चौदा वर्षे झाली, पण माझ्या पेटीवर वय लिहिले आहे आठ. म्हणजे गेली चौदा वर्षे मी आठचाच आहे. शाळेत जावे लागत नाही, दूधही प्यावे लागत नाही, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार असलीच तर सुयांची आहे. मित्रांनो, तुम्हाला वर्षातून एखादी सुई टोचली की तुम्ही दवाखाना डोक्यावर घेता. माझ्या डाव्या हाताला एकेका दिवसात चाळीस सुया टोचून झाल्या आहेत आणि मी हूं की चूं केलेले नाही.

त्यासाठीच तर मला बनवले. लहान मुलांचा जीव कसा वाचवायचा हे डॉक्टर आणि नर्स शिकतात, तेव्हा सुरुवातीच्या चुका कोणावर करायच्या? खऱ्या मुलांवर करून चालत नाही. म्हणून माझ्या छातीत हवेचा एक छोटा पंप बसवला, हाताच्या कातडीखाली लाल पाण्याच्या नळ्या घातल्या, उघडमिट करणारे डोळे लावले. तोंड दिले, पण बोलणे दिले नाही. हे शेवटचे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात मी आलो तेव्हा माझे काय कौतुक झाले! पेटी उघडली तेव्हा बालविभागातले झाडून सगळे गोळा झाले होते. कोणी माझी नाडी पाहिली, कोणी गाल ओढला. एका मोठ्या डॉक्टरांनी माझ्यासोबत फोटोही काढून घेतला. मला वाटले, आता आयुष्यभर असेच चालणार. तीन वर्षे चाललेही. मग एका मे महिन्यात माझ्या छातीतला पडदा उन्हाने कडक होऊन चिरला. तेव्हापासून माझा श्वास बिघडला. पूर्वी मला हळू, उथळ, घरघरता, हवा तसा श्वास घेता येत असे. आता पंप लावला की मी एकच श्वास घेऊ शकत होतो, खोल आणि जलद, मैलभर पळून आल्यासारखा. मग मला कपाटात उभे केले गेले. माझ्या पायाशी जुन्या फायली ठेवल्या आणि डोक्यावर कोणीतरी छत्री अडकवली. फोटो काढणारे मोठे डॉक्टर अनेकदा कपाटातून फायली काढून नेत, पण माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

तिथून मला बाहेर काढले प्रेमिला सिस्टरांनी. नवीन नर्सना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. ठेंगण्या, झपझप चालणाऱ्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी दवाखान्यातले कूलर दुरुस्त करणाऱ्या नत्थूभाऊंना बोलावून मला दाखवले.

नत्थूभाऊंनी माझ्या छातीला कान लावला आणि पंप सुरू केला. "याचा पडदा गेला, सिस्टर. नवा मिळत नाही. आता हा असाच श्वास घेऊन राहीन. आवाज पाहा ना, नळाले लावते तो टिल्लू पंप वाटून राहिला!"

पण सिस्टर हसल्या नाहीत. त्या माझ्या छातीकडे पाहत खाली बसल्या. बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "नत्थूभाऊ, याले हात नका लावू. असा श्वास मी खऱ्या लेकरांचा पाहिला आहे. हा श्वास ओळखला नाही म्हणून लेकरं गेलेली पाहिली आहेत. मले हाच पाहिजे."

अशा रीतीने माझे नाव टिल्लू पडले आणि माझा बिघाडच माझी नोकरी झाली.

तो श्वास कशाचा, हे तुम्हाला सांगायला हवे. आपल्या पोटात इन्सुलिन नावाचा एक रस तयार होतो. जेवणातली साखर रक्तातून शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचवायची, हे त्याचे काम. काही मुलांमध्ये तो तयार व्हायचा थांबतो. त्यात मुलांचा दोष नसतो, आईबापांचा नसतो, चॉकलेटचाही नसतो. मग साखर रक्तातच साचते आणि अंग मात्र उपाशी राहते. मुलाला तहान तहान होते, सारखी लघवीला लागते, खाऊनही ते वाळत जाते. शेवटी अंग स्वतःची चरबी जाळू लागते आणि रक्त आंबट होते. ते आंबटपण बाहेर टाकण्यासाठी मूल खोल, जलद श्वास घेते. उलट्या करते, पोट दुखते म्हणते. लोकांना वाटते दमा आहे, न्यूमोनिया आहे, पोट बिघडले आहे. आणि आमच्या नागपुरात मे महिन्यात एकच गोष्ट वाटते, की पोराला ऊन लागले.

सिस्टर रोज सकाळी कपाट उघडून मला "जय भीम, टिल्लू" म्हणत आणि कामाला लावत. नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा कापूस माझ्या तोंडाजवळ ठेवत, कारण या आजारात मुलांच्या तोंडाला तसा वास येतो. मग स्वतः पडद्यामागे माईक घेऊन बसत आणि माझ्या वतीने बोलत. "सिस्टर, पाणी द्या ना वं... पोट दुखून राहिलं." माझा आवाज तो एवढाच, आणि तोही त्यांचा. शिकणारे चुकले की मी डोळे मिटत असे. सिस्टर बाहेर येऊन म्हणत, "गेला टिल्लू. काही हरकत नाही, चहा पिऊन झाला की हा उठते. बाकीची लेकरं उठत नाहीत. आता सांगा, काय चुकलं?"

दहा वर्षांत मी किती वेळा मेलो याची गणती नाही. मला त्याचा अभिमान आहे.

आता या मे महिन्याची गोष्ट सांगतो. उमरेडच्या पलीकडे एका गावी लहान सरकारी दवाखाना आहे. गावाचे नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना शिकवायला सिस्टरांना जायचे होते. ऐनवेळी गाडी दुसऱ्या कामाला गेली. सिस्टर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मला भाच्याचा जुना शर्ट आणि हाफ पँट घातली, उन्हासाठी डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला, माझा पंप पिशवीत टाकला आणि मला मांडीवर घेऊन एसटीत बसल्या. मी पहिल्यांदाच खिडकीतून नागपूर पाहिले. सगळे शहर माझ्यासारखेच दुपट्टा गुंडाळून फिरत होते.

कंडक्टर आला. "ताई, पोट्टा किती वर्षांचा?"

"आठचा," सिस्टर सवयीने बोलून गेल्या.

"मंग हाफ तिकीट लागते. मांडीवर घेतला म्हणून फुकट नाही."

"अहो भाऊ, रबराचा आहे हा!"

कंडक्टरने माझा गाल दाबून पाहिला आणि दचकून हात मागे घेतला. "अरे बाप्पा! मी म्हटलं बाईमाणसाचं हाफ अन् पोराचं हाफ, दोघं मिळून एक फुल देऊन टाकू!"

सगळी बस हसली. सर्वांत जास्त हसली ती आमच्याच बाकावर बसलेली एक मुलगी. तिचे नाव सुरुची. वय आठ, म्हणजे अगदी माझ्याएवढी. सोबत तिचे आजोबा होते, शालिकराम. ते आम्ही निघालो होतो त्याच गावचे विणकर. आदल्या दिवशी गांधीबागेच्या बाजारातून सुताच्या लड्या घेऊन ते आता गावी परत निघाले होते आणि नागपूर दाखवायला नातीला सोबत आणले होते.

सुरुचीने सिस्टरांना माझे नाव विचारून लगेच माझ्याशी मैत्री केली. माझा रबरी हात हातात घेऊन ती आजोबांना म्हणाली, "आबाजी, हा गरमच होत नाही." मग मला म्हणाली, "टिल्लू, तुले तहान नाही लागत का रे? मले तर लई लागते." आणि तिने बाटली तोंडाला लावली. बस शहराबाहेर पडायच्या आत ती बाटली संपली. मग तिने सिस्टरांची बाटली मागितली. तीही संपली.

"ऊन पाहा ना कसं आहे," आजोबा म्हणाले. "पंधरा दिवस झाले, नुसती पाणी पाणी करून राहिली. खाते भरपूर, पण अंगाले लागत नाही. हा फ्रॉक दिवाळीत घट्ट होत होता."

आता त्या फ्रॉकमध्ये दोन सुरुच्या मावल्या असत्या.

"उन्हाळ्यात होतेच तसं," सिस्टर म्हणाल्या. पर्समधून त्यांनी कांदा काढला आणि सुरुचीच्या हातात दिला. नागपूरची बाई उन्हात कांद्याशिवाय बाहेर पडत नाही. "हा खिशात ठेव वं बाई, ऊन बाधत नाही." एवढे बोलून त्यांनी मान मागे टाकली. पहाटे चारला उठल्या होत्या. दोन मिनिटांत त्यांचा डोळा लागला.

मित्रांनो, मी जागाच होतो. मला झोप येत नाही. सुरुची माझ्या कानाशी लागली आणि हळूच म्हणाली, "टिल्लू, कोणाले सांगू नको हं. मी ना, आजकाल अंथरूण ओलं करते. एवढी मोठी झाली तरी. आईले माहीत आहे. आबाजीले नाही."

ते ऐकून माझ्या रबरी अंगात काही थरारले असेल तर ते तेव्हा. दहा वर्षे सिस्टर माझ्या शेजारी उभ्या राहून हेच शिकवत आल्या होत्या. तहान, लघवी, वाळलेले अंग, आणि मोठ्या मुलाने पुन्हा अंथरूण ओले करायला लागणे. यातले एकेक चिन्ह माझ्या शेजारी बसून माझा हात धरून होते. मला सगळे कळत होते. मला ओरडून सांगायचे होते, की सिस्टर, उठा, हिच्या बोटातून एक थेंब रक्त काढा, तुमच्याच पिशवीत साखर मोजायचे यंत्र आहे! पण माझा आवाज माझ्या मागे मान टाकून झोपला होता.

उमरेडच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा सुरुची पळत लघवीला जाऊन आली. स्टँडसमोर रसवंती होती. घुंगरू वाजत होते. सिस्टर ताज्यातवान्या होऊन उतरल्या आणि प्रेमाने तिला उसाचा रस पाजला. एक गेला, तिने दुसरा मागितला. सिस्टरांनी तोही दिला. "पी वं माय, पी. सुकून गेलीस."

त्यांच्या मनात माया होती, दुसरे काही नव्हते. म्हणूनच मला ते बघवत नव्हते.

गावात उतरल्यावर सुरुची आजोबांबरोबर घरी गेली आणि आम्ही दवाखान्यात. तिथे एका खोलीत दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. एकीवर मला निजवले, पंप जोडला, कापूस ठेवला. शिकायला पाच नर्स होत्या आणि एक तरुण डॉक्टर. त्यांचे नाव नूपुर. सहा महिन्यांपूर्वीच त्या इथे रुजू झाल्या होत्या. हुशार होत्या, पण चेहऱ्यावर सतत आपले चुकेल की काय अशी काळजी.

सिस्टर पडद्यामागून माझ्या वतीने कण्हल्या. "डॉक्टर, उलटी होऊन राहिली... पाणी द्या ना..."

नूपुर डॉक्टरांनी मला तपासले. "तोंड सुकलं आहे, उलट्या आहेत, मे महिना आहे. ऊन लागलं. ग्लुकोजची बाटली लावा." बाटली लागली. मी डोळे मिटले.

सिस्टर बाहेर आल्या. "गेला. काय पाहायचं राहिलं, डॉक्टर?"

नूपुर डॉक्टरांचे डोळे भरून आले. "साखर नाही पाहिली. ग्लुकोज देऊन मीच..."

"रडू नका. चूक टिल्लूवर करून घ्या, तो त्यासाठीच आहे. पण याचा श्वास पाहा एकदा नीट. ऊन लागलेल्या लेकराचं अंग तव्यासारखं तापते. याले ताप नाही, छातीत घरघर नाही, तरी हा एवढा खोल श्वास काहून घेऊन राहिला? हा प्रश्न पडला पाहिजे. प्रश्न पडला की बोटातून एक थेंब."

मग त्यांनी पुढचे सांगितले. सलाइन द्यायचे, पण हिशेबाने, भराभर नाही, कारण घाई केली तर मेंदूला सूज येऊ शकते. इन्सुलिन लगेच सुईने टोचायचे नाही, सलाइन सुरू होऊन तास झाल्यावर थेंबाथेंबाने. आणि मुलाला सारखे बोलते ठेवायचे. बोलणे अडखळले, डोके दुखू लागले, नाडी मंदावली, तर ती सुजेची खूण. हे सारे होईपर्यंत दुपार झाली. सगळे डबे खायला मागच्या खोलीत गेले. जाताना माझा पंप बंद करायचे सगळ्यांच्याच ध्यानातून गेले. एरवी सिस्टर यावरून केवढ्या रागावतात! त्या दिवशी मात्र त्याही विसरल्या, आणि मी रिकाम्या खोलीत एकटाच धापा टाकत राहिलो.

तेवढ्यात शालिकराम आजोबा सुरुचीला दोन्ही हातांवर घेऊन धावत आत आले. "डॉक्टर! कोणी आहे का गा इथं? पोट्टी डोळे उघडत नाही!"

सगळे डब्यावरून उठून आले. सुरुचीला माझ्या शेजारच्या खाटेवर ठेवले. घरी तिला दोनदा कैरीचे पन्हे पाजले होते, तळपायांना कांद्याचा रस चोळला होता. कांदा अजून तिच्या मुठीत होता, सिस्टरांनीच दिलेला.

"अगं बाई, ही तर बसमधली!" सिस्टर म्हणाल्या. "सकाळपासून उन्हात फिरली ना ही."

"ऊन लागलं जी," आजोबा हात जोडून म्हणाले. "चार उलट्या झाल्या. ग्लुकोज लावा डॉक्टर, पोरगी सुकून गेली!"

एका नर्सने ग्लुकोजची बाटली स्टँडला अडकवलीसुद्धा. सिस्टर सुरुचीचा हात चोळत शीर शोधत होत्या. त्यांना कोणी दोष देऊ नये. दीड तास ज्या लेकराला आपण ऊन लागलेले लेकरू समजलो, त्याच्याकडे नव्या डोळ्यांनी पाहणे फार अवघड असते.

नूपुर डॉक्टर पायाशी उभ्या होत्या. खोलीत माझ्या पंपाचा आवाज चालू होता. मी जेवढा जोर लावू शकत होतो तेवढा लावत होतो, अर्थात पंपाला जोर लावता येत नाही हे मला कळते. तरी लावत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग सुरुचीकडे. पुन्हा माझ्याकडे. दोन खाटा, दोन आठ वर्षांची मुले, आणि दोन्ही छात्या अगदी सारख्या वरखाली होत होत्या.

"थांबा!" नूपुर डॉक्टर म्हणाल्या. "बाटली काढा ती. सिस्टर, टिल्लूकडे पाहा."

सिस्टरांनी मान वर केली.

नूपुर डॉक्टरांनी सुरुचीच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. त्या तिच्या तोंडाजवळ वाकल्या. "तुमच्या कापसाचाच वास आहे." सिस्टरांच्या पिशवीतून यंत्र काढून त्यांनी बोटातून एक थेंब घेतला. यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर मोजण्यापलीकडे गेली की त्यावर नुसती दोन इंग्रजी अक्षरे येतात, ती आली.

सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. त्यांचा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "माझ्या बाजूले बसली होती. दोन बाटल्या पाणी पिली. अन् मी... मी तिले उसाचा रस पाजला, डॉक्टर."

"हे त्या रसानं झालेलं नाही, सिस्टर. पंधरा दिवसांपासून होऊन राहिलं होतं," नूपुर डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी सिस्टरांचा हात धरला. "उठा ना. मले तुम्ही पाहिजे. मी हे फक्त टिल्लूवर केलं आहे."

सिस्टर उठल्या. डोळे पुसायलाही त्यांनी वेळ घेतला नाही. सलाइन लागले, थेंब मोजून. आजोबा बाटलीखाली उभे राहून म्हणत होते, "जोरात सोडा ना जी, किती हळू चालून राहिलं!" सिस्टर त्यांना म्हणाल्या, "आबाजी, विश्वास ठेवा. घाई केली तर हिच्या डोक्याले सूज येईन. आज हळू जाण्यातच शहाणपण आहे." नागपूरला फोन झाला, अॅम्ब्युलन्स आली. सूज आली तर द्यायचे औषध नूपुर डॉक्टरांनी सोबत घेतले. सुरुचीने अर्धवट डोळे उघडले आणि माझ्याकडे हात केला, म्हणून मलाही तिच्या उशाशी ठेवले.

दर थोड्या वेळाने सिस्टर विचारत, "तुझं नाव काय वं?" ती क्षीण आवाजात सांगे, "सुरुची." सिस्टर हातावर वेळ लिहून ठेवत. आजोबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक उत्तराला मान हलवत होते.

वाटेत पाचगाव आले तेव्हा ती म्हणाली, "डोकं दुखते." पुढच्या वेळी सिस्टरांनी नाव विचारले तर उत्तर आले नाही. पुन्हा विचारले. नाही. नाडी मंदावली होती. नूपुर डॉक्टर या वेळी कोणाला विचारायला थांबल्या नाहीत. त्यांनी डोक्याकडची बाजू उंच केली, सलाइन आणखी हळू केले आणि ते औषध द्यायला सुरुवात केली. सिस्टर तिच्या कानाशी नाव विचारत राहिल्या. मी तिचा हात धरला होता, म्हणजे तिचा हात माझ्या हातावर ठेवलेला होता. माझा हात कधी गरम होत नाही. तिचाही गार पडत चालला होता. मी हजारदा मेलो आहे, मला मरणाची भीती नाही. पण त्या रस्त्यावर मला पहिल्यांदा भीती काय असते ते कळले.

नागपूरच्या वेशीवरचा दिघोरीचा चौक दिसू लागला तेव्हा सिस्टरांनी पुन्हा विचारले, "नाव सांग वं माय. नाव काय?"

सुरुचीचे ओठ हलले. "टिल्लू."

सिस्टरांनी घाबरून नूपुर डॉक्टरांकडे पाहिले. भान गेले की काय?

मग सुरुचीने एक डोळा उघडला. "त्याचं टिल्लू. माझं सुरुची. किती खेपा सांगू वं सिस्टर?"

प्रेमिला सिस्टर, ज्यांना मी दहा वर्षांत रडताना पाहिले नव्हते, त्या माझ्या शर्टात तोंड लपवून रडल्या. तो शर्ट पुढे दोन दिवस ओला होता असे मी म्हणणार नाही, मे महिन्यात नागपुरात काहीच दोन मिनिटांच्या वर ओले राहत नाही. पण माझ्या लेखी तो अजून ओला आहे.

सुरुची बारा दिवस दवाखान्यात राहिली. आता तिला रोज इन्सुलिन घ्यावे लागते, आयुष्यभर घ्यावे लागेल. सुई टोचायचा सराव मुले संत्र्यावर करतात, पण मे महिन्यात नागपुरात संत्रे कुठले? म्हणून तिने तो सराव माझ्या मांडीवर केला. प्रत्येक सुईला विचारायची, "दुखलं का रे?" तिने मला बेचाळीस सुया टोचल्या. माझी सुयांची तक्रार मी वर लिहिली आहे. त्यातून या बेचाळीस वजा करा.

हल्ली विभागात एक नवा रबरी मुलगा आला आहे. तो घामही गाळतो म्हणे. मोठे डॉक्टर त्याच्यासोबत फोटो काढतात. नत्थूभाऊंना कुठूनसा माझ्या छातीचा पडदा मिळाला, ते बसवायला आले होते. सिस्टरांनी त्यांना चहा पाजून परत पाठवले. गावोगावी एसटीने अजूनही मीच जातो. आणि शिकवायला उभ्या राहिल्या की सिस्टर आता पहिले वाक्य हेच बोलतात, "एक लेकरू दीड तास माझ्या मांडीला मांडी लावून बसलं होतं, अन् मले दिसलं नाही. तुम्हाले दिसावं म्हणून मी आली आहे."

मित्रांनो, माझ्याकडे नीट लक्ष द्या, मला कपाटात टाकू नका, असे मी म्हणेन अशी तुमची अपेक्षा असेल. ते राहू द्या. तुमच्या शेजारच्या बाकावरची मैत्रीण सारखी पाणी पीत असेल, सारखी बाहेर जायची परवानगी मागत असेल, वाळत चालली असेल, तर तिला हसू नका. तिने अंथरुणाचे गुपित तुमच्या कानात सांगितले तर ते गुपित ठेवू नका. बाईंना सांगा, आईला सांगा, ऊन म्हणून सोडून देऊ नका, बोटातून एक थेंब काढा, असे हट्टाने सांगा. सुरुचीचे गुपित मी आज तिच्याच परवानगीने तुम्हाला सांगितले आहे. ती म्हणाली, "सांग, टिल्लू. बसमध्येच काहून नाही सांगितलं?"

मला बोलता येत नव्हते, सुरुची. या मित्रांना येते.